स्वभावाकडे बोट दाखवण्यापूर्वी: रोजचे वागणे समजून घेण्याची एक रीत

‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून आपण बहुतेक तक्रारी निकालात काढतो. भाऊ फोन करत नाही, कारण तो मुळातच तुटक आहे. नवी सून फारशी बोलत नाही, कारण ती शिष्ट आहे. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड मेंटेनन्स उशिरा भरते, कारण त्यांची वृत्तीच तशी आहे. एकदा स्वभाव म्हटले की पुढे चौकशी करण्याचे कारण उरत नाही. सामाजिक मानसशास्त्र नेमके इथे अडवते. त्या वेळी त्या माणसाच्या भोवती कोण होते, त्याला कसली घाई होती, त्याच्यावर कोणाची नजर होती, आणि हे सगळे आपल्या वाट्याला आले असते तर आपण वेगळे वागलो असतो का, हे प्रश्न ते आधी विचारायला लावते. खालील रीत याच प्रश्नांवर उभी आहे. घर, सोसायटी आणि रस्ता अशा तिन्ही ठिकाणी ती वापरता येते, मात्र सुरुवात घरापासून केलेली बरी.

पहिली पायरी: विशेषण काढा, वागणे लिहा

मनात खुपणारी एक घटना घ्या आणि ती कागदावर अशी लिहा की तिथे हजर असलेल्या तिऱ्हाइतालाही ती मान्य व्हावी. ‘वहिनींनी आमच्याकडे दुर्लक्ष केले’ हे वागण्याचे वर्णन नव्हे, तो निवाडा आहे. ‘गणपतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पंगत उठल्यावर त्या आमच्याजवळ न बसता आत गेल्या आणि निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत’ हे वर्णन झाले. असे लिहिले की पुढचे प्रश्न आपोआप सुचू लागतात: आत कोण होते? दुसरी पंगत बसायची होती का? किती माणसांचा स्वयंपाक होता, आणि हाताशी कोण होते? निवाडा लिहिला असता तर यातला एकही प्रश्न सुचला नसता. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘मुद्दाम’ हे शब्द या पायरीवर वर्ज्य मानावेत, कारण पहिल्या दोहोंत मोजणी न करता काढलेली बेरीज असते आणि तिसऱ्यात समोरच्याचे मन आपण वाचले आहे असा दावा असतो.

दुसरी पायरी: परिस्थितीची झडती घ्या

जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे नीट पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करायचे होते. काहींचा विषय बायबलमधील त्या परोपकारी वाटसरूची गोष्ट हाच होता, जो रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करतो. वाटेत एक माणूस दारापाशी वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना थोडी घाई होती त्यांच्यापैकी ४५ टक्के, आणि ‘तुम्हाला उशीरच झाला आहे’ असे सांगून ज्यांना पिटाळले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने निर्णायक फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला वळसा घालून पुढे गेले. प्रयोगात जेमतेम ४० विद्यार्थी होते, म्हणून त्याला ब्रह्मवाक्य मानू नये. तरीही घाईच्या वेळी लोकल पकडणाऱ्या कोणालाही त्यातली गोम चटकन कळेल.

दुसऱ्याच्या वागण्यात परिस्थितीचा वाटा कमी आणि स्वभावाचा जास्त धरण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत आरोपण दोष असे नाव दिले. स्वतःच्या बाबतीत आपण सहसा उलटे करतो: मी उशिरा पोहोचलो तर रस्त्यावर कोंडी होती, तुम्ही उशिरा आलात तर तुम्ही बेफिकीर आहात. माझ्या वाटेतली कोंडी मला दिसलेली असते, तुमच्या वाटेतली दिसत नाही. दोषाचे मूळ बरेचसे एवढ्यातच आहे.

मात्र हा दोष सगळीकडे सारख्याच प्रमाणात आढळत नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतील अमेरिकी लोकांची तुलना म्हैसूरमधील हिंदू लोकांशी केली, तेव्हा अमेरिकी प्रौढ लोक वागण्याची कारणे व्यक्तीच्या गुणांत अधिक शोधत होते, तर म्हैसूरचे प्रौढ नाती, कर्तव्ये आणि प्रसंग यांत अधिक शोधत होते. लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे कारण कुठे शोधायचे, हे आपण वाढता वाढता आजूबाजूच्या मोठ्यांकडून शिकतो. ‘त्याचाही नाइलाज असेल’ हे वाक्य आपल्या घरांत आजी-आजोबांच्या तोंडी सर्रास असते. आपल्याकडे ही दृष्टी नाही असे म्हणता येत नाही, फक्त राग आलेला असताना ती आठवत नाही, आणि म्हणूनच कागद लागतो.

त्या कागदावर लिहिलेल्या वर्णनाखाली चार ओळी सोडा आणि त्यांत घाई, नजर, भूमिका आणि आधी काय घडले होते, ही चार कारणे तपासा. नजर म्हणजे कोणाच्या देखत हे घडले. सासूबाईंसमोर गप्प राहणारी सून माहेरच्या फोनवर मनमोकळी हसत असेल, तर तिच्या न बोलण्याला शिष्टपणा म्हणता येणार नाही. भूमिका म्हणजे त्या वेळी तो माणूस यजमान होता, कनिष्ठ होता, की सोसायटीचा सेक्रेटरी होता. चारही ओळी रिकाम्या राहिल्या आणि तेच वागणे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांपुढे दिसत राहिले, तर मात्र ‘स्वभाव’ हे उत्तर लिहायला हरकत नाही.

तिसरी पायरी: कामाचा हिशेब दोघांनी वेगवेगळा मांडा

नवरा-बायकोंच्या भांडणांत ‘घरात सगळे मीच करते’ आणि ‘मी काय कमी करतो का’ ही दोन वाक्ये हमखास येतात, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी १९७९ च्या अभ्यासात जोडप्यांना घरातल्या वीस कामांमधला आपापला वाटा स्वतंत्रपणे सांगायला लावले. बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. भांडण उकरून काढण्यासारख्या नकोशा गोष्टींतही माणसे स्वतःचा वाटा मोठा धरत होती, त्यामुळे ही नुसती बढाई नव्हे. आपण केलेले काम आपल्याला आठवते, कारण ते करताना आपण तिथे होतो. दुसऱ्याने केलेले काम आपल्यापर्यंत पोहोचते ते बहुधा उरकल्यानंतर.

उपाय सोपा आहे, पण तो शांत वेळी करावा, भांडणाच्या भरात नव्हे आणि पाहुण्यांदेखत तर मुळीच नव्हे. दोघांनी वेगळ्या कागदांवर कामांची यादी करायची. स्वयंपाक, भांडी आणि बाजारहाट सगळेच लिहितात; खरी परीक्षा न दिसणाऱ्या कामांची असते. दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब, गॅस सिलिंडरचे बुकिंग, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधी आणणे, शाळेच्या ग्रुपवरच्या सूचना वाचून उद्या पांढरे बूट हवेत की काळे हे लक्षात ठेवणे, लग्नाच्या अहेराची नोंद ठेवणे. याद्या शेजारी ठेवल्या की दुसऱ्याच्या यादीत अशी दोन-चार कामे निघतात, जी घरात होतात हेच आपल्या गावी नसते. टक्केवारीवर वाद घालू नये. ज्या कामाचे नाव फक्त एकाच यादीत आहे, त्यावर बोलावे.

हिशेबाइतकेच महत्त्व आणखी एका गोष्टीला आहे, ते म्हणजे चांगली बातमी ऐकून घेण्याला. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की जोडीदाराच्या आनंदाच्या बातमीला उत्साहाने, प्रश्न विचारून दाद देणाऱ्या जोडप्यांत समाधान अधिक आढळते. ‘मला प्रमोशन मिळाले’ यावर ‘म्हणजे आता आणखी उशिरा घरी येणार’ म्हणणे आणि मोबाइलवरून नजर न उचलता ‘अरे वा’ म्हणणे, या दोन्ही प्रतिक्रिया नात्याला मारकच. ‘कोणी सांगितले? काय म्हणाले साहेब?’ एवढे विचारले तरी पुरते. संकटात धावून जाणारी आपली माणसे आनंदाच्या वेळी मात्र पुष्कळदा कंजुषी करतात, असे माझे निरीक्षण आहे.

चौथी पायरी: बघ्यांच्या गर्दीतून एकाला निवडा

घराबाहेर पडले की माणसांची संख्या वाढते आणि जबाबदारी पातळ होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला आणि ३८ जण नुसते बघत राहिले अशी बातमी छापून आली. ती बातमी बरीच चुकीची होती हे पुढे उघड झाले, पण तिच्यामुळे सुरू झालेले संशोधन टिकले. डार्ली आणि बिब लाटाने यांनी १९६८ मध्ये वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना ध्वनियंत्रणेवरून एकाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो आवाज थांबण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. न उठलेले निर्दय नव्हते. त्यांतले कित्येक अस्वस्थ होऊन घुटमळत होते.

याला एक पुरवणी जोडणे न्याय्य ठरेल. लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाऊन या शहरांतील २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा दहांपैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे दिसले. एकेका माणसाची पावले गर्दीत जड होतात हे खरे, पण गर्दीतून कोणीतरी एक जण पुढे येण्याची शक्यताही मोठी असते. त्या एकाला लवकर पुढे आणणे आपल्या हाती आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘टाकी ओसंडून वाहते आहे, कोणीतरी बघा’ असा संदेश पडला की दीडशे जण तो वाचतात, चार जण हात जोडल्याची खूण टाकतात आणि पाणी वाहतच राहते. त्याऐवजी ‘बी विंगमधले कुलकर्णी काका, पंपाची किल्ली तुमच्याकडे आहे, आत्ता बंद करता का? केल्यावर इथे कळवा’ असे लिहावे. एक नाव, एक काम आणि उलट निरोपाची मागणी, हे तीन घटक पुरेसे असतात. रस्त्यावरच्या अपघातातही हीच रीत लागू पडते. ‘कोणीतरी फोन करा’ असे ओरडण्यापेक्षा ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा, ताई, तुम्ही मागच्या गाड्या थांबवा’ असे बोट दाखवून सांगावे. पोलिसांचे झंझट नको म्हणून मागे सरणाऱ्याला हेही सांगावे की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले आहे आणि सद्हेतूने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे.

पाचवी पायरी: सभेतील शांततेला होकार समजू नका

महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिथला एक प्रसंग कोणत्याही गावात सारखाच असतो. अध्यक्ष ठराव वाचतात, ‘कोणाची हरकत?’ असे विचारतात, दोन क्षण थांबतात आणि ‘सर्वानुमते मंजूर’ म्हणून पुढच्या विषयाकडे वळतात. त्यानंतर खरी सभा जिन्यात भरते. तिथे प्रत्येक जण म्हणतो की मला हे पटले नव्हते, पण बाकीच्यांना पटलेले दिसले.

सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात केलेले प्रयोग या शांततेवर प्रकाश टाकतात. दोन कार्डांवरच्या रेघांची लांबी जुळवायची, इतके सोपे काम होते. एकट्याने केल्यास कोणी क्वचितच चुकत असे. पण आधी ठरवून बसवलेल्या साथीदारांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या बहुमताच्या मागे गेली, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी वाहवले. आपल्या कामाचा भाग यापुढे आहे. साथीदारांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुका आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या. बहुमताचा दाब मोडायला दुसरे बहुमत लागत नाही. दुसरा एक आवाज लागतो.

म्हणून सभेत काही वेगळे मांडायचे असेल तर आदल्या दिवशी एका सभासदाशी बोलून ठेवा, आणि तुमच्या पाठोपाठ त्यांनी लगेच बोलावे असे ठरवा. त्यांनी पूर्ण सहमत असण्याची गरज नाही. ‘याचा विचार व्हायला हवा’ एवढे म्हटले तरी कोंडी फुटते. सभा तुम्हीच चालवत असाल तर स्वतःचे मत सर्वांत शेवटी सांगा, आणि महत्त्वाच्या विषयावर चर्चेआधी चिठ्ठ्या गोळा करा. लिफ्टसाठी जादा वर्गणीसारख्या विषयावर चिठ्ठ्यांतला कौल आणि वर केलेल्या हातांचा कौल पुष्कळदा जुळत नाही. कार्यालयातल्या बैठकीत चिठ्ठ्या विचित्र दिसतात. तिथे सर्वांत कनिष्ठ माणसाला पहिल्यांदा विचारणे हा पर्याय बरा.

सहावी पायरी: सूचना फलकावर दोषींची संख्या छापू नका

तळमजल्यावरच्या फलकावर हे वाक्य नक्की सापडेल: ‘वारंवार सांगूनही बहुतेक सभासद ओला व सुका कचरा वेगळा करत नाहीत.’ लिहिणाऱ्याचा हेतू लाज वाटावी हा असतो, पण वाचणाऱ्याला कळते ते इतकेच की बहुतेक लोक कचरा वेगळा करत नाहीत, मग मीच का करू? रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या अश्मीभूत जंगलाच्या राष्ट्रीय उद्यानात हे पडताळले. पूर्वीच्या अनेक पर्यटकांनी लाकडाचे तुकडे नेल्यामुळे जंगलाचे स्वरूप बदलले आहे, अशी पाटी जिथे होती तिथे खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. कृपया तुकडे नेऊ नका, अशी साधी पाटी होती तिथे २ टक्क्यांहून कमी.

फलक असा बदलावा: ‘आपल्या इमारतीतील ४० पैकी २६ घरे कचरा वेगळा करून देतात. उरलेल्या घरांनी सोमवारपासून सुरुवात करावी. दोन डबे सफाई कर्मचाऱ्यांकडे मिळतील.’ आकडा मात्र खरा हवा, आणि चांगले वागणारे खरोखर थोडे असतील तर संख्या गाळून फक्त विनंती लिहावी. आणखी एक खाचखळगा आहे. कॅलिफोर्नियातील घरांना शेजाऱ्यांचा सरासरी वीजवापर कळवल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी तो कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला, असे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. कमी वापरणाऱ्यांच्या पत्रावर हसऱ्या चेहऱ्याची खूण काढली तेव्हा ही वाढ झाली नाही. म्हणून जे आधीच नीट वागत आहेत, त्यांचे दोन शब्दांत कौतुक फलकावर अवश्य यावे.

सातवी पायरी: मागा, आणि समोर जाऊन मागा

ही पायरी छोटी आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांच्या २००८ च्या प्रयोगांत लोकांनी अनोळखी माणसांकडून छोटी मदत मिळवायची होती. किती जणांना विचारावे लागेल याचा त्यांनी केलेला अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. तोंडावर नाही म्हणणे समोरच्याला किती जड जाते, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. याचा अर्थ भिडेचा फायदा घ्यावा असा नव्हे; ‘जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा’ हे वाक्य मागतानाच जोडावे.

शेजारधर्मही अशाच छोट्या भेटींवर उभा राहतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच मजल्यावर लगतच्या घरात राहणाऱ्यांना मित्र म्हणून निवडण्याचे प्रमाण ४१ टक्के होते आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांना निवडण्याचे १० टक्के. अंतर होते थोड्या पावलांचे. चाळीतल्या सामाईक गॅलरीतून फ्लॅटच्या बंद दारांमागे गेलेल्या पिढीला हे आकडे समजावून सांगण्याची गरज नाही. लिफ्टजवळ किंवा टपालपेट्यांपाशी एक बाकडे टाकून पाहावे.

अफवा आल्यास

कौटुंबिक ग्रुपवर भीतिदायक संदेश फिरू लागला की आपण लगेच खोडून काढायला धावतो. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पसरलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी अभ्यास केला. ज्या भागात धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, तिथेही येऊ घातलेल्या आणखी मोठ्या संकटांच्या अफवा पसरल्या होत्या. फेस्टिंगर यांना ही गोष्ट कोड्यात टाकणारी वाटली आणि पुढे मनातील विसंवादाचा त्यांचा सिद्धान्त, जो १९५७ मध्ये पुस्तकरूपाने आला, घडण्यात तिचा वाटा होता: भीती तर वाटते आहे, पण डोळ्यांसमोर कारण नाही, तेव्हा मन भीतीला शोभेल असे कारण पदरी पाडून घेते. म्हणून आत्याने पाठवलेल्या संदेशाखाली ‘हे खोटे आहे’ असे चारचौघांत लिहिण्यापेक्षा त्यांना फोन करावा, कशाची काळजी वाटते ते आधी ऐकावे आणि मग खरी माहिती द्यावी. चारचौघांत खोडले तर त्यांना अफवेबरोबर स्वतःचा मानही राखावा लागतो.

ही रीत कुठे थांबते

या शास्त्रातले सगळेच प्रयोग सारख्या भरवशाचे नाहीत. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत मूळचा निष्कर्ष स्पष्टपणे हाती लागला, आणि सामाजिक मानसशास्त्राचे प्रमाण त्याहून कमी होते. १९७१ च्या गाजलेल्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात, जिथे विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवले होते, पहारेकऱ्यांना कठोर वागण्यासाठी उत्तेजन दिले गेल्याचे पुढे समोर आले आहे, त्यामुळे त्याचा दाखला देऊन कोणी मोठे सिद्धान्त मांडू लागले तर सावधपणे ऐकावे. आपल्या घरात आणि सोसायटीत काय घडते, हे आपणच पाहून ठरवावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. परिस्थिती समजून घेणे म्हणजे वागणे माफ करणे नव्हे. मारहाण, धमक्या, पैसे काढून घेणे, माहेरी किंवा मैत्रिणींशी बोलू न देणे, अशा गोष्टींत दुसऱ्या पायरीवरच्या चार ओळी भरत बसू नये. ‘त्यांनाही कामाचा ताण असतो’ हे वाक्य तिथे त्रास सोसणाऱ्याच्याच विरुद्ध वापरले जाते. अशा वेळी महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे, तातडीच्या प्रसंगी ११२ आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याकडे थेट तक्रार नोंदवता येते. ही तक्रार पीडित महिलेनेच करावी असेही नाही. शेजारी किंवा नातेवाईकही सद्भावनेने माहिती देऊ शकतात, आणि त्याबद्दल त्यांच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.